अक्कांनी भरलेली ओटी

अनया, ईशान — हे मी तुमच्या आजोबांपाशीही कधी बोलले नाही, आणि आता ते नाहीत. तुमच्या आईपाशी तर नाहीच. तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले, असं म्हणणं सोपं आहे. पण तुम्ही विचारलं होतं ते फार साधं होतं — ‘ओटी’ म्हणजे नक्की काय, आणि एका शब्दाचे इतके अर्थ कसे?

मी जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई. उत्तर लगेच मांडलं. नेसलेल्या लुगड्याची पुढची खोळ म्हणजे ओटी. कापूस वेचायला जाणारी बाई कमरेला फडकं बांधते तीही ओटीच, गावाकडे तिला वटी म्हणतात. कोकणात घराच्या दर्शनी पडवीला ओटी म्हणतात, आपण ओसरी म्हणतो. पोटाचा खालचा भाग ते ओटीपोट. मूल दत्तक दिलं की ते दुसरीच्या ओटीत घातलं. पदर, ओचा, झोळी, मांडी — जवळचे शब्द पुष्कळ आहेत. पण सवाष्णीला खण-नारळ आणि तांदूळ देतात तिथं मात्र ओटीच, दुसरा शब्द चालत नाही. तेव्हा अनया, तू विचारलंस, ‘आणि चोरओटी?’ मी म्हणाले, बाळा, आवाज तुटतोय. आणि फोन ठेवला.

आवाज तुटत नव्हता.

पहिलटकरणीला दिवस गेले की सुरुवातीच्या महिन्यांत, बोभाटा न करता, घरातल्या चार बायका बोलावून तिची ओटी भरतात — ती चोरओटी. बाहेर कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते म्हणून. आणि भरायची ती सवाष्णीनंच. विधवेनं नाही.

आपल्या परभणीच्या घरात तेव्हा अक्का होत्या. माझ्या थोरल्या जाऊबाई. तुमच्या आजोबांचे मोठे भाऊ लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेले, मूलबाळ नाही. मी कॉलेजात शिकवायला जायचे आणि तुमची आई अक्कांच्या मांडीवर वाढायची. ती त्यांना ‘मोठी आई’ म्हणायची. ताप आला की मला नव्हे, त्यांना हाक मारायची.

आणि मी? मी व्याख्यानं द्यायचे. विधवांना हळदीकुंकवाला बोलवा, असं महिला मंडळात सांगायचे. बायका माना डोलवायच्या. पण माझ्याच घरात ओटी भरायची वेळ आली की अक्का आपणहून स्वयंपाकघरात जात, आणि मी त्यांना जाऊ देत असे. एकदाही अडवलं नाही. का? कॉलेजात कुणी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं — लोकांना दुखवायला नको. खरं उत्तर वेगळं होतं. मला भीती वाटायची. न जाणो — खरंच काही झालं तर?

तुमच्या आईला पहिल्यांदा दिवस गेले. हो, पहिल्यांदा. अनया, तुझ्या आधी. ती माहेरी आली, चोरओटीचा दिवस ठरला, मानवतहून तिच्या सासूबाई यायच्या होत्या. आदल्या दिवशी मी तिला तपासायला नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, परत एकदा बघावं लागेल. मग ती बाहेर चपला घालत होती तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं. ठोके थांबले आहेत. चार-सहा दिवसांनी खात्री करू, पण आशा धरू नका.

मी त्यांना म्हटलं, तिला आत्ता सांगू नका. मी सांगते.

सांगितलं नाही. रिक्षात ती बाळाच्या नावांबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला. चार बायका जमल्या. अक्का उठून आत निघाल्या, नेहमीसारख्या. आणि मी — इथपर्यंत यायला मला किती वेळ लागतोय बघा — मी त्यांचा हात धरला. सगळ्यांसमोर म्हटलं, “अक्का, आज पहिली ओटी तुम्ही भरायची.”

त्या घाबरल्या. “नगं गं सुमन. मह्या हातानं नगं. लेकराचं हाय.”

“मोठ्या आईनं नाही भरायची तर कुणी?” मी म्हणाले. तुमच्या आईनं टाळी वाजवली. ती म्हणाली, “मोठी आई, आता लाजू नको, नाहीतर मी पाटावरून उठतेच बघ!” विहीणबाईंचे ओठ आवळलेले मला दिसले. अक्कांनी पदराला हात पुसले, परत पुसले. ओंजळीतले निम्मे तांदूळ पाटावर सांडले. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. असा चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

सगळ्यांना वाटलं, मी धीट. तुम्हाला कळलं ना मी काय होते ते? पोटातलं बाळ जिवंत असतं तर मी अक्कांना हात लावू दिला नसता. गमवायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी सुधारलेली झाले. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती — उद्या हे कळेल तेव्हा बोट कुणाकडे जाईल, हे मला त्या क्षणी माहीत होतं का? मी हा प्रश्न फार वेळा टाळला आहे. माहीत होतं.

आठवड्याच्या आत सगळं संपलं. विहीणबाई दारातच म्हणाल्या, “शिकलेल्या लोकाची तऱ्हाच न्यारी बाई! आमच्याकडं पांढऱ्या कपाळाला कुणी वटी भरू देतंय का?” अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. तुमची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. एक वाक्य पुरलं असतं — ठोके आधीच थांबले होते, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. ते मी म्हटलं नाही. मी म्हटलं, “असं काही नसतं हो.” व्याख्यानातलं वाक्य.

अक्का त्याच पंधरवड्यात पोखर्णीला भाच्याकडे राहायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “तू लय चांगली गं. महाच हात खोटा.” मी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

त्या पुन्हा आपल्या घरी आल्या नाहीत. अनया, तू झालीस तेव्हा मी फोन केला. “नगं बाई, लेकरू धड राहू दे,” एवढंच म्हणाल्या. ईशानच्या वेळी विचारलंच नाही. मागच्या वर्षी त्या गेल्या. मी पोखर्णीला गेले तेव्हा लोक त्यांना स्मशानात पोचवून परत आले होते.

अनया, तुझ्या बारशाआधी भाच्याच्या हाती त्यांनी एक दुपटं पाठवलं होतं, जुन्या लुगड्यांचं, बारीक टाक्यांचं. निरोप होता — कढत पाण्यातून काढल्याशिवाय लेकराला घालू नका, मी शिवलंय. निरोप ऐकून तुमची आई उठून आत गेली.

मी बंबात पाणी तापवलं आणि ते दुपटं धुतलं. मग पुन्हा धुतलं.