सुतळीवरची मोकळी जागा

थंडी पडली की घाटंजीच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाजाराकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेले पुंजके काट्यांना अडकून राहतात. परवा एसटीच्या खिडकीतून ते दिसले आणि मला माझ्या बाई आठवल्या.

बाई यवतमाळला कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. माणसाचं आयुष्य कुठं वळतं, कशानं वळतं, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्या वर्षानुवर्षं त्याच गावांत, त्याच घरी पुन्हा पुन्हा जात. मी त्यांची विद्यार्थिनी, पिशवी सांभाळत मागे. साल विचारलं की बायका गोंधळतात, म्हणून बाई सारवलेल्या अंगणात सुतळी पसरायच्या आणि त्यांच्या हातावर तुरीचे दाणे ठेवायच्या. जन्म, लग्न, लेकरं, जे जे घडलं त्याचा एकेक दाणा सुतळीवर मांडायचा. किती साधी आणि किती देखणी रीत!

केळापूरकडच्या एका गावात एका शेतकरणीनं असेच दाणे मांडले. सासू शेजारीच बसलेली. लग्नाचा दाणा ठेवला आणि तिचा हात थबकला. मग चांगली हातभर सुतळी सोडून तिनं थोरल्या लेकाचा दाणा ठेवला.

"मंधात काई नाई झालं," सासू घाईघाईनं म्हणाली.

मला राहवेना, पण बाईंनी डोळ्यांनीच दटावलं. "असू द्या ती जागा तशीच," एवढंच त्या बोलल्या. अभ्यास अपुरा राहिला तरी चालेल, पण आपण उठून गेल्यावर त्या घरात तिला जड जाईल असं काही विचारायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. मला तेव्हा त्यांचा राग आला; आज त्याच गोष्टीसाठी त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

काही वर्षांनी पुन्हा गेलो. सासू आता नव्हती. शेतकरणीलाच सून आली होती आणि ती सून दारात तूर निवडत बसली होती. पुन्हा सुतळी पसरली, जुने दाणे मांडून झाले. बाईंनी काही विचारायच्या आतच शेतकरणीनं त्या मोकळ्या जागी दाणा ठेवला.

"इथं मी यवतमाळले होती, मॅडम. नवऱ्याले सोडून. कापसाच्या जिनिंगमधी कामाले जात होती, आपल्या कमाईचं खात होती. मंग हे घ्यायले आले, तं वापस आली. पण लय चांगले दिवस होते ते."

सुनेचे हात थांबले.

"सून ऐकतेय हो," बाई हळूच म्हणाल्या.

"तिलेच तं सांगून राह्यली. लिवा आता."

काळ गेला की अशा गोष्टी पुसल्या जातात, असं मला वाटायचं. इथं तर तेवढा काळ गेला म्हणूनच तिला बोलता आलं होतं, आणि तोवर थांबायला आमच्या बाई होत्या. सून आत गेली, चहा घेऊन आली, आणि आम्हा पाहुण्यांच्या आधी पहिला कप तिनं सासूच्या हातात दिला.