दोन्ही डोळे सारखे

फोटो स्टुडिओत तिला सगळे टचवाल्या ताई म्हणायचे. फोटोतले मुरमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, वाकडी कॉलर, सगळं ती संगणकावर असं साफ करायची की सख्ख्या आईलाही पत्ता लागू नये. एवढा बारीक डोळा असलेली बाई, पण घरातला एक चेहरा तिला कधी वाचता आला नाही. वाचता आला नाही तो नाहीच, वर आपण फार हुशार आहोत असंही तिला वाटायचं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सरळ माणूस, बोलणं मोजकं. पण दरवर्षी सहा-सात आठवडे त्याला काहीतरी व्हायचं. रोज दुपारी चारच्या सुमाराला तो गायब व्हायचा. तासाभरानं परतायचा तेव्हा डावा डोळा लालभडक, पापणी उतरलेली, एकच नाकपुडी वाहतेय, कपाळाच्या एकाच बाजूला घाम. विचारलं तर म्हणायचा, "डोकं दुखत होतं."

डोकं तिचंही दुखायचं. तेव्हा ती दिवा घालवून गपगुमान पडून राहायची. हा मात्र येरझाऱ्या घालायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. अशी कुठं डोकेदुखी असते का? तिनं गुपचूप त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. नुसता पेपरमिंटचा वास. तो दारूचा वास लपवायलाच गोळ्या चघळतो, अशी तिची खात्रीच पटली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

लाली उतरली तरी ती पापणी एरवीही अर्धवट मिटलेलीच दिसायची. भांडण तिनं केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीच्या शाळेतला बक्षीस घेतानाचा फोटो असो की भावाच्या नव्या घरातला, नवऱ्याचा उजवा डोळा उचलायचा, उलटा करून डावीकडे बसवायचा, की झाला संभावित गृहस्थ. असे अकरा वर्षांचे फोटो तिनं नीट केले.

यंदा एका इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. "ताई, लवकर या. काका गच्चीवरच्या मशीनरूममध्ये डोकं आपटतायत."

ती धावत गेली. चार-पाच रहिवासी जमले होते. लाजेनं अर्धमेली होऊन ती त्यांना म्हणाली, "माफ करा हं. यांना जरा घ्यायची सवय आहे."

नवरा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्यानं ते ऐकलं.

वॉचमनच म्हणाला, "वास तर येत नाही, ताई. दवाखान्यात न्या."

डॉक्टरीणबाईंनी खोलीतला उजेड कमी करून त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या, झोपवून आणि उभं करून नाडीचे ठोके मोजले. मग म्हणाल्या, "शरीरात काही नसा आपल्या हुकमाशिवाय चालतात. घाम, अश्रू, बाहुलीचं लहान-मोठं होणं त्या बघतात. या डोकेदुखीत एका बाजूच्या त्या नसा बिथरतात. फार भयंकर दुखतं हो. माणूस एका जागी बसूच शकत नाही."

त्यांनी पुन्हा एकदा त्याचा डावा डोळा पाहिला.

"पण आता दुखणं थांबलंय, तरी पापणी उतरलेली आणि बाहुली बारीकच आहे. हे जुनं असेल तर या डोकेदुखीचाच भाग. नवीन असेल तर मानेतली रक्तवाहिनी फाटलीये का, ते आत्ताच्या आत्ता बघावं लागेल. जुने फोटो आहेत?"

लेकीनं घरून अल्बम आणून दिला. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा बदलला. "दोन्ही डोळे अगदी सारखे आहेत. म्हणजे नवीनच." त्यांनी फोन उचलला.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"थांबा," ती म्हणाली. "ते मी सारखे केलेत."

मूळ फोटो कधी पुसायचा नाही, हा स्टुडिओच्या मालकाचा नियम. ती रिक्षानं जाऊन लॅपटॉप घेऊन आली. अकरा वर्षांचे फोटो, आणि प्रत्येकात डावी पापणी उतरलेली. "जुनंच आहे," डॉक्टरीणबाई सुटकेच्या सुरात म्हणाल्या. "तपासणी करूच, पण आता घाबरू नका. झटका आला की ऑक्सिजन देऊ, बराच आराम पडतो."

नवरा पडद्याकडे बघत होता. फोटोंकडे नाही, वरच्या कोपऱ्यात. तिथं तिनंच अकरा वर्षांपूर्वी फोल्डरला दिलेलं नाव होतं: 'प्यायलेले'. घाईत ते झाकायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता लॅपटॉप मिटायलाही तिचा हात उचलेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

त्यानं ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे तुला दिसत होतं," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, कुणाला काही दिसतच नाही."