भावसिंगच्या डोक्याचा फोटो

ढाणकीच्या शाळेत आम्ही दोघं तांड्यावरून पायी जायचो. भिया पुढे, मी मागे. भिया म्हणजे माझा थोरला भाऊ, भावसिंग. होळीच्या लेंगीची चाळीस गाणी त्याला ओळीनं पाठ होती. चालता चालता तो म्हणायचा, आणि मी चुकीचा शब्द घातला की टपली मारायचा. ते तीन किलोमीटर कधी लांब वाटलेच नाहीत. आता त्या रस्त्यावर ऑटो धावतात.

उमरखेडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तो बदलला. भिंतीपलीकडून माणसं आपल्याबद्दल बोलतात, म्हणायचा. एका दुपारी घरचा रेडिओ विहिरीत टाकून आला. याडीनं, आमच्या आईनं, दोन वर्षं गंडेदोरे केले. शेवटी मीच त्याला यवतमाळला नेलं. डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मग मेंदूचा एमआरआय काढायला लावला.

"माहं डोकं आतून खराब झालं का?" त्यानं विचारलं.

"गाठ नाही, जखम नाही," मॅडम म्हणाल्या. "असे आवाज ऐकू येण्याच्या या आजाराच्या शेकडो लोकांचे फोटो एकत्र मोजले, तर मेंदूचा वरचा थर सरासरीनं थोडा पातळ भरतो. पण एकट्याच्या फोटोवरून आजार ओळखता येत नाही. तुमचा मला तुमच्या बोलण्यावरून कळला."

"मंग मले गाणी काहून आठवून नाही राह्यली?"

"लक्ष आणि आठवण, दोन्हींवर हा आजार येतो. गोळ्यांनी आवाज कमी होतील. आठवण कदाचित पूर्वीसारखी होणार नाही."

परतीच्या बसमध्ये आर्णीला तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "उज्ज्वला, कोणीतरी खरं तं सांगतलं."

सहा महिन्यांत आवाज विरले. कॉलेज मात्र सुटलं ते सुटलंच. होळीला तो आता दुसऱ्यांच्या मागून गातो. माझे कान अजून त्याचाच आवाज पुढे शोधतात. धरमसिंगकाकांच्या रोपवाटिकेत तो कामाला आहे. तीन कामं एकदम सांगितली की तिसरं निसटतं, म्हणून काका एकेकच सांगतात.

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या तांड्यावरचे प्रेमसिंग दारात आले. त्यांच्या मुलीला, जमनाला, आवाज ऐकू येत होते आणि ती दवाखान्यात जायला तयार नव्हती. भिया जाऊन तिच्यासमोर बसला.

"तुले ऐकू येते ना, तसं मलेबी येत होतं."

तिनं मान वर केली. "तुले काय म्हणत होते?"

आजवर मलाही न सांगितलेलं त्यानं तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या यवतमाळ गाडीत भिया, जमना आणि प्रेमसिंग, तिघं बसले. खिडकीची जागा भियानं जमनाला दिली.