दहा आकडे मोजेपर्यंत

माझी सून गिळण्याची आणि बोलण्याची डॉक्टर आहे, असं मी इथं परदेशात, सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांना सांगायचे. ती दर वेळी म्हणायची, "आई, डॉक्टर नाही. स्पीच थेरपिस्ट." मी चौथी शिकलेली, मला दोन्ही सारखंच.

पुण्यात शिकून, नोकरी करून आली तरी इथं तिला लगेच पूर्ण नोंदणी मिळाली नाही. आधी ठरलेल्या इस्पितळातच, एका अनुभवी बाईच्या देखरेखीखाली काम करायचं. त्या बाईनं हिच्या कामाचे अहवाल लिहायचे. ते चांगले गेले तर पूर्ण नोंदणी, नाहीतर परतीचं विमान. मला हा सुनेचा अपमान वाटायचा.

त्यात मी घोळ घातला. नवव्या मजल्यावर नागपूरचं एक जोडपं राहतं. नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता, इस्पितळातून नुकतेच घरी आले होते. चहा प्यायले की ठसका लागायचा. पुढची तपासणी महिन्यानं होती. मी त्या बाईंना सांगून टाकलं, "काळजी करू नका, माझी सून संध्याकाळी येऊन बघेल."

सून घरी आल्यावर मी सांगितलं, तर ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"मला नाही जाता येणार, आई. इस्पितळाबाहेर पेशंट बघायचा नाही, अशी माझ्या नोंदणीची अटच आहे."

"अगं, चमचाभर पाणी पाजून बघायचंय. त्याला कसला परवाना?"

"त्यालाच तर लागतो. त्यांना म्हणावं, काही पाजू नका, आत्ताच इस्पितळात फोन करा."

मी तोंड पाडून वर गेले, निरोप सांगितला. बाई म्हणाल्या, "राहू द्या मावशी. मोठ्या लोकांची मोठी कामं." आणि दार लावून घेतलं.

मी खाली येऊन सुनेला वाट्टेल ते बोलले. माणुसकी नाही म्हटलं. पन्नास वर्षं पिठलं, कढी केली, दाट काय न् पातळ काय हे माझ्या हाताला कळतं, मीच जाऊन पाजते म्हटलं.

तिनं ठसका लागणाऱ्या पेशंटसाठी पाणी दाट करायच्या पावडरीचा डबा आणि तीन पेले ओट्यावर ठेवले. "तिन्ही सारखे करा."

मी केले. डोळ्यांना तिन्ही अगदी सारखे. तिनं बिनसुईच्या सिरिंजमध्ये एकेका पेल्यातलं पाणी भरलं, खालच्या तोंडावर धरलेलं बोट काढलं आणि दहा आकडे मोजले. पहिल्यातलं जवळजवळ सगळं वाहून गेलं. दुसऱ्यातलं अर्धं राहिलं. तिसरं हललंच नाही.

"यातलं कुठलं पाजणार होतात?"

आमच्या ह्यांना लकवा झाला तेव्हा मी गावी त्यांना निजल्या निजल्या पेज पाजत होते. ते खोकायचे. मी पाठ चोळायचे आणि पुन्हा पाजायचे. छाती भरली आणि गेले. मी त्यांना मारलं असं मी म्हणत नाही. पण मला थांबवायला कुणी नव्हतं, हे खरं.

मी पुन्हा नवव्या मजल्यावर गेले. बाईंनी दार अर्धंच उघडलं. मी पाय आत घातला आणि सरळ विचारलं, "फोन केलात का?" केला नव्हता. माझ्यासमोर करायला लावला. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. तिथल्या दुसऱ्याच कुणी थेरपिस्टनं तपासलं. पाणी पोटाऐवजी छातीत जात होतं.

सुनेची पूर्ण नोंदणी झाली तेव्हा तिनं मोबाइलवर पत्र दाखवलं. मला त्यातलं तिचं नाव तेवढं वाचता आलं. तेवढं पुरलं. मी ते दोनदा वाचलं, आणि मग सबंध ब्लॉकला सांगितलं.

नवव्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या. हसून म्हणाल्या, "आता तरी घरी येऊन बघेल ना हो, मावशी?"

"नाही," मी म्हटलं. "ती इस्पितळात बघते. घरी यायला मी रिकामी आहे, पण मला फक्त पिठल्याचं विचारायचं."