कानावरचा खडू

कारखाना पिंपरीचा, कॉम्प्युटर नवा, आणि त्याचे प्रोग्रॅम लिहिणारा मीही नवाच. स्टोअरमधले एक मोशीकडचे गृहस्थ रोज सुट्या भागांची पंच केलेली, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेली, कार्डं घेऊन यायचे. आधी बरीच वर्षं इन्स्पेक्शनला होते, त्यामुळे कानावर खडूचा तुकडा कायम. दाराशी चपला काढून, देवळात यावं तसे आत यायचे. नाव मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी 'एरर १७' एवढंच छापून मशीन थांबलं. चारशे कार्डांतलं एक चुकलं होतं. त्या कार्डांवरून सुट्या भागांची यादी निघाली नसती तर दुसऱ्या शिफ्टला माल मिळाला नसता. आम्ही दोघं एकेक कार्ड तपासत बसलो. ते सापडेपर्यंत दोन तास गेले.

"साहेब," ते म्हणाले, "जॉब, म्हंजे तयार झालेला भाग, रिजेक्ट केला की आमी जितं चुकलंय तितंच खडूनं गोल करतो. किती जास्त, किती कमी, शेजारी लिवतो. तुमचं मशीन नुसतं न्हाई म्हनतं."

मी चिडलो. पण मशीनवर कसा चिडणार? 'एरर १७' मीच लिहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात मशीन पुन्हा थांबलं. या वेळी कागदावर कार्डाचा नंबर, रकाना आणि 'आकड्याच्या जागी अक्षर' असं सगळं इंग्रजीत छापून आलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी ते कार्ड गठ्ठ्यातून अलगद ओढलं, आणि मला हायसं वाटलं.

जाताना त्यांनी कानावरचा खडू काढला आणि मशीनच्या पोलादी कपाटावर, पास झालेल्या जॉबवर करतात तशी, बरोबरची खूण केली.

आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबांनी मला ती पुसायला सांगितली. मी सोयीस्कर विसरलो.