मधलं कार्ड आणि आईची अढी

मी दहावीत जाईपर्यंत आमच्या घरात वीज नव्हती, आणि आली तेव्हाही एका दिव्यापुरतीच आली. रत्नागिरी सोडून पूर्णगडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला कातळावर आमचं घर होतं. एक खोली, एक पडवी, बस. बाबा एका बागायतदाराच्या हापूसच्या बागेत राखणदार होते. दिवसभर डबा बडवून माकडं हाकलायची, हे त्यांचं काम. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, त्यामुळे तिची बोटं बारा महिने काळी असत. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाचा अंगठा हवा होता तेव्हा कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला. आई म्हणाली, "शाई कशाला वाया घालवता? आधीच काळा हाय."

आईबाबांना कष्टाळू वगैरे म्हणायची मला हौस नाही. दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून ते हे करत होते.

मी बी.एस्सी. झालो. फिजिक्स घेऊन, सेकंड क्लास. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे मी मुळीच नम्रपणे सांगत नाही. पुढं वर्षभर मी पडवीत बसून त्या सर्टिफिकेटकडे बघत होतो आणि बाबा माझ्याकडे बघत होते.

"फिजिक्स म्हणजे काय रे नक्की?" एकदा त्यांनी विचारलं.

मी उष्णता, प्रकाश, वीज असं काहीबाही सांगितलं.

"त्यानं माकडं पळतात काय?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

एक गोष्ट मात्र मला येत होती. कॉलेजात असताना मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आधी झाडू मारायला आणि मग मशीन जोडायला जायचो. कुठला स्क्रू कुठं बसतो, हे मला झोपेत सांगता आलं असतं. ही बातमी बाबांच्या मालकांपर्यंत पोचली. बागेचे मालक म्हणजे सगळ्यांचे भाऊ. साठीचे, अंगात कायम बनियन, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण शहाळं असल्यासारखं वाटावं. आता सोलतील, मग सोलतील.

भाऊंचं एसटी स्टँडजवळ एसटीडी बूथ होतं. मोबाइल आले आणि काचेच्या त्या खोक्यांत माणसांऐवजी मांजर झोपायला लागलं. मुंबईच्या पुतण्यानं डोक्यात भरवलं की आता गेमचं दुकान टाका, पोरं तासावर येऊन खेळतील. बूथच्या मागं आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवायची पत्र्याची शेड होती. तिथं आठ कॉम्प्युटर बसवायचे ठरले. प्रश्न राहिला ग्राफिक्स कार्डाचा. गेममधलं चित्र पडद्यावर उमटवतं ते हे कार्ड. व्यापाऱ्यानं दोन नमुने पाठवले, एक साधं आणि एक मधलं. त्याच्या वरचं, खरं भारी कार्ड त्यानं पाठवलंच नाही. रत्नागिरीची मधल्यापर्यंतच लायकी आहे, असं त्याचं मत असावं. पुतण्याचा आग्रह मात्र मधल्याचाच होता.

भाऊंनी मला बोलावलं. "हे बघ पदवीधर, ही दोन कार्डं आणि हे एक मशीन घरी ने. पंधरा दिवस तपास. कुठलं आठ घ्यायचं ते सांग. बरोबर सांगितलंस तर दुकान चालवायला ठेवतो. चुकलास तर..." त्यांनी बाबांकडे पाहिलं. "तुझ्या बापाला एक मदतनीस हवाच आहे माकडांना."

बाबा हसले. मी नाही हसलो. ती थट्टा नव्हती, हे मला कळत होतं.

रिक्षातून मॉनिटर मांडीवर घेऊन बाबा घरी आले. आईनं मशीनला हळदकुंकू लावलं. कुंकवाचा थोडा भाग पंख्याच्या जाळीतून आत गेला, पण फिजिक्सच्या दृष्टीनं त्याला महत्त्व नव्हतं. टेबल भिंतीला लावलं, खाली कॅबिनेट म्हणजे मशीनचा डबा ठेवला, दिव्याच्या होल्डरमधून वीज ओढली आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधली कोरी पानं काढून मी तपासणी सुरू केली. उद्देश: मधल्या कार्डाची लायकी ठरवणे. साहित्य: मशीन एक, कार्डे दोन, गाड्यांची शर्यत असलेला गेम एक, बंदुकीचा गेम एक. कृती, निरीक्षणे, निष्कर्ष. असं लिहिलं की माणूस रिकामटेकडा वाटत नाही.

पुण्या-मुंबईची कॉम्प्युटर मासिकं मी रद्दीतून आणून वाचली होती. त्यांत या मधल्या कार्डाची भरपूर स्तुती होती. मी ठरवलं, छापील स्तुतीवर जायचं नाही. रोज दुपारी, वीज असेल तेव्हा, शर्यतीचा तोच रस्ता, तीच गाडी, तीन फेऱ्या. सेकंदाला किती चित्रं उमटतात ते कोपऱ्यात एक छोटा प्रोग्रॅम दाखवायचा. ते लिहून काढायचं.

पहिले चार दिवस साधं कार्ड. सेकंदाला वीस-बावीस चित्रं, आणि वळणावर तीही गळायची. गाडी दरीत पडलेली असायची आणि पडद्यावर ती अजून रस्त्यावर. पण बिचारं बंद पडलं नाही. पाचव्या दिवशी मधलं कार्ड लावलं. पन्नाशी गाठली! पाण्यात ढगाचं प्रतिबिंब दिसलं. आई भांडी टाकून बघायला आली. "मेल्या, हे पाणी खरं वाटतंय की!" तिच्याकडून यंत्राला मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्र.

सहाव्या दिवशी वीस मिनिटांत पडद्यावर रंगीत पट्टे आले आणि मशीन गोठलं. सातव्या दिवशी सतराव्या मिनिटाला. मी ड्रायव्हर म्हणजे कार्डाचा प्रोग्रॅम बदलला. कार्ड काढून त्याचे पितळी दात खोडरबरनं घासले. आठव्या दिवशी पंधरा मिनिटं. नवव्या दिवशी मी जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिला: कार्ड दिसायला देखणे, पण दम नाही. घेऊ नये.

भाऊंच्या अंगणात गडी पेट्या ठोकत होते. मी सगळ्यांसमोर उभं राहून निष्कर्ष वाचला. भाऊंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे पुतण्या गाढव?"

"कार्डापुरता."

गडी हसले. भाऊही हसले. "बरं. उद्या सकाळी व्यापाऱ्याला फोन करतो. साधी आठ."

घरी येताना बाबा माझ्या बरोबरीनं चालत होते. एरवी ते पुढं असत. "भाऊंच्या तोंडावर नाय म्हणालास," ते म्हणाले. इतकंच. पण त्यांनी मधेच थांबून मला विडी देऊ केली, यावरून काय समजायचं ते मी समजलो. मी विडी ओढत नाही, तरी त्या दिवशी ओढली आणि घरापर्यंत खोकलो.

जेवताना आईनं आंबा कापला. राखणदाराला मालक डागी, पडीक फळ नेऊ देत. ते आई दरवर्षी अढी लावून पिकवायची, म्हणजे भाताच्या पेंढ्यात थर लावून झाकून ठेवायची. ऊब धरली की दहा-बारा दिवसांत फळ तयार.

"एवढ्यात कसा पिकला?" मी विचारलं.

"पाच दिवसांत!" आई खूश होती. "या खेपेला जागा बरी मिळाली. पण एका अंगानं पिकतायत मेले. मी रोज उलटे करते."

"कुठली जागा?"

"ती काय, तुझ्या मशिनीच्या पाठी. काय मस्त ऊब येते रे तिथून!"

मी उष्ट्या हातानं उठलो आणि टेबलाखाली वाकलो. कॅबिनेट आणि भिंत यांच्यामध्ये, जिथून मशीनची गरम हवा बाहेर पडते नेमकं तिथं, आईनं भाताचा पेंढा ठासून भरला होता. त्यात पन्नासेक आंबे. मशीनचा श्वास कोंडला होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी अढी लागली आणि सहाव्या दिवशी कार्ड मेलं. बी.एस्सी. फिजिक्स. चार दिवस मी खोडरबर घासत होतो आणि उष्णतेचं अभिसरण माझ्या पायाशी पिकत होतं.

मी पेंढा ओढून काढला, मशीन लावलं आणि शर्यत सुरू केली. वीस मिनिटं. चाळीस. तास झाला तरी कार्ड पन्नाशीवर धावत होतं. दम त्याच्यात होता. नव्हता तो माझ्यात.

"सकाळी जाऊन भाऊंना सांगतो," मी म्हटलं.

बाबांनी हात धुतले, पुसले. "काय सांगतोस?"

"की मी चुकलो."

"आज चार गड्यांसमोर सांगून आलास. उद्या जाऊन म्हणायचं, आयशीनं आंबे लावलेले? हसतील रे, मेल्या. आणि ठेवायचे नायत तुला."

"साधी कार्डं घेतली तर दुकान चालायचं नाही. पोरं एकदा येतील नि परत येणार नाहीत."

"ते भाऊंचं नुकसान."

"सल्ला माझा ना?"

"मी काय केला?" आई मधेच म्हणाली. "मला काय म्हायती ते मशीन श्वास घेतं म्हणून?"

खरंच होतं तिचं. मला माहीत असायला हवं होतं. पंधरा वर्षं शिकवलं ते याचसाठी.

सकाळी सातला मी भाऊंच्या अंगणात होतो. गडी तेच, पेट्या त्याच. बाबा आले, पण फाटकापाशीच माकडं शोधल्यासारखे वर बघत उभे राहिले. मी काही बोलायच्या आधी खिशातला आंबा काढून भाऊंच्या हातात दिला. एक बाजू पिवळीधमक, दुसरी हिरवी.

भाऊंनी तो फिरवून पाहिला, देठाशी वास घेतला. चाळीस वर्षं आंबा केलेला माणूस. "हा एका बाजूनं शेकलाय. चुलीपाशी ठेवला होतास काय?"

"कार्डापाशी," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

पहिला हसला तो पेट्या ठोकणारा गडी. मग सगळं अंगण. एकानं विचारलं, कार्डाला आंब्याचा वास येतो का. मी उभा राहिलो. दुसरं करणार काय?

भाऊ मात्र हसले नाहीत. "थांबा रे. याचा अर्थ कार्ड उष्म्याला भितं."

"कोंडलं तर."

"आणि माझी पत्र्याची शेड? मे महिन्यात दुपारी दोनला तिथं आत गेलास कधी? ती शेड नाही, अढीच आहे. आम्ही तिथं आंबे ठेवत नाही, बटाट्यासारखे शिजतात म्हणून."

शेडचं मासिकांत काही नव्हतं. मासिकवाल्यांनी कार्ड एसीत बसून तपासलेलं. "मग आज तिथंच तपासतो," मी म्हटलं. "दुपारी. दार लावून."

दुपारी दोनला मी मशीन आणि भाऊंसकट स्वतःला शेडमध्ये कोंडून घेतलं. बाबा आतून लावलेल्या दाराला टेकून उभे. गाडी भाऊ स्वतः चालवायला बसले आणि पहिल्या वळणावर समुद्रात गेले. "हा रस्ता कुणी काढला? गाढव आहे," म्हणाले आणि पुन्हा बसले. अर्धा तास. एक तास. बनियन पिळण्यालायक झालं, पण उठेनात. दुसऱ्या तासाला पडद्यावर रंगीत पट्टे आले आणि भाऊंची गाडी हवेत गोठली.

"गेलं," भाऊ म्हणाले.

बाबांनी दारापाशीच मान खाली घातली.

मी कॅबिनेटच्या एका बाजूचा पत्रा स्क्रू काढून वेगळा केला, बूथमधला टेबल फॅन जमिनीवर ठेवून त्याचं तोंड थेट कार्डाकडे वळवलं आणि मशीन पुन्हा लावलं. शेड तीच, पत्रा तोच. सहा वाजता वीज गेली तोवर ते कार्ड चालत होतं, आणि भाऊ एकशेएकव्यांदा समुद्रात पडत होते.

अंधारलेल्या शेडमध्ये मी जर्नलमध्ये लिहिलं आणि वाचून दाखवलं. बंद डब्यात, पत्र्याखाली, मे महिन्यात: दोन तासांच्या आत बंद पडते. डबा उघडा ठेवून पंखा लावल्यास: पडत नाही. निष्कर्ष: मधले घ्यावे. आठ कार्डांमागे चार पंखे घ्यावेत. धूळ दर आठवड्याला काढावी. मागे पेंढा ठेवू नये.

"आणि हे पंखे, ही धूळ, रोज बघणार कोण?" भाऊंनी विचारलं.

"मी."

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "काल आलास तेव्हा बरोबर वाटत होतास. आज चूक घेऊन आलास तर कामाचा वाटतोस. एक तारखेपासून ये." मग दाराकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का रे? तुझा मदतनीस गेला."

"माकडं बघतो मी एकटा," बाबा म्हणाले.

मधली आठ कार्डं आली. दुकान सहा वर्षं चालवलं. त्यातलं एक कार्ड पावसात वीज पडून गेलं, सात शेवटपर्यंत चालली. ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार घरी आणणारा आमच्या घरातला मी पहिला. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आईनं काजूचा कारखाना सोडला.