आईने पाहिलेले मासे

लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याला ऑफिसकडून प्रवासभत्ता मिळाला, तेव्हा बोळिंजच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही अंदमानला गेलो. माझ्या आईलाही सोबत नेलं. तिचं आयुष्य पाचूबंदरात मासळी विकण्यात गेलं होतं. समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, हे तिला कळत नव्हतं. विमानात बसायला मिळणार म्हणून ती आली.

रिसॉर्टसमोरच्या उथळ पाण्यात आम्ही दोघं डोळ्यांना पाण्यातला चष्मा लावून, तोंडात नळी धरून स्नॉर्केलिंग करायचो. आईला पोहता येत नव्हतं, ती माडाखाली खुर्चीत बसून राहायची. एका सकाळी तिने आपणहून माझा चष्मा मागितला. साडी खोचून ती कमरेएवढ्या पाण्यात आली, माझा हात धरला आणि तोंड पाण्यात घातलं. नळी तिला नको होती. श्वास संपला की ती वर यायची आणि पुन्हा वाकायची.

"काय दिसलं?" मी शेवटी विचारलं.

"म्हावरं," ती म्हणाली. "एवढी वर्सं इकलं, पन पान्यात फिरताना आजच बघितलं. आपल्याकडं गढूळ पानी, काय दिसनार?"

दुपारी ताटात आलेला मासा बर्फातला आहे असं तिने सांगितलं, तरी काटे चोखून संपवला.

दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "आई, आज बोटीने पुढच्या बेटावर जाऊ. तिथे जास्त मासे आहेत."

"तुम्ही जावा. माझं इथलंच बघून झालं नाय," ती म्हणाली आणि चष्मा लावायला लागली. मग आम्हीही गेलो नाही.